पुसणीचा धोंडा

निमसड्याच्या वेशीवर, रस्त्याच्या डाव्या हाताला जो गुडघाभर उंचीचा काळा दगड आहे, तो पुसणीचा धोंडा. पुसणे म्हणजे विचारणे. आज चैत्रातली यात्रा आहे, तेव्हा तुम्हालाही इथे अडवतील आणि तीन प्रश्न विचारतील. रागावू नका. प्रश्न रोगराईचे असतात. देवीची लस पहिल्यांदा कुठल्या जनावरामुळे मिळाली, कोरोनाची लस टोचल्यावर ताप का येतो, असे. चुकलं तर दंड नाही. धोंड्याशेजारी बसायचं आणि बरोबर उत्तर ऐकून उठायचं.

मी कॉलेजात चौतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन गावी परतलो, त्या वर्षी कोंडाबाई नावाच्या म्हातारीने मला विचारलं, "प्लेग माणसाला कोण देतं?"

मी घाईने म्हणालो, "उंदीर."

"पिसू, मास्तर, पिसू! उंदीर बिचारा आपल्याआधी मरतो. बसा खाली."

बसलो. तेव्हापासून मी जे सांगतो ते तपासून घ्यावं, असं मीच लोकांना सांगतो.

पण या धोंड्यावरची खरी पुसणी पाहुण्यांसाठी नाही. ती गावच्या लेकीसाठी आहे. सासरहून माहेरी आलेल्या लेकीला इथे तिची आईच अडवते, आणि उत्तरं मिळाल्याशिवाय आत घेत नाही. एरवी आपल्याकडे माहेरवाशिणीला वेशीत कोणी अडवत नाही. म्हणून बाहेरच्यांना हे फार कठोर वाटतं. त्याची गोष्ट अशी सांगतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी म्हणे या मुलखात देवीची साथ उठली. ज्या घरात देवी यायच्या त्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत. फोडणी बंद, पाहुणा बंद. त्याआधी मार्गशीर्षात टोचणीवाला देवी डॉक्टर गावात येऊन गेला होता. पण टोचून घेतलं तर देवी कोपेल या भयाने लोकांनी पोरं कडब्याच्या गंजीत लपवली, आणि तो रिकाम्या हाताने परत गेला.

साथ दोन कोसांवर आली तेव्हा गाव जागं झालं. ठरलं, की बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला वेशीवर विचारायचं. कुठून आलास? तिथे किती दारांना लिंब आहे? अंगात कणकण आहे का? विचारायला ठकूबाईला बसवलं. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या, तोंडावर वण होते. एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत, एवढं लोकांना तेव्हाही ठाऊक होतं. ठकूबाई या धोंड्यावर बसली आणि तिने कुणाला सोडलं नाही. तेली परत गेला, कासार परत गेला. पाटलाच्या व्याह्यालाही तिने उन्हात उभं केलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, तू फौजदार झालीस काय गं?"

"फौजदार बरा," ती म्हणाली, "त्यो लाच घेतो. मी घेत न्हाई."

आठव्या दिवशी दुपारी तिची लेक गजरा आली. तीन वर्षांनी आली. खांद्यावर दहा महिन्यांचं पोर, पायांत वहाण नाही. आणि ठकूबाईने काय केलं? धोंड्यावरून उठून ती धावत घरी गेली. भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आली, लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. पोर उचललं तेव्हा त्याचं अंग तिला गरम लागलं. "ऊन लागलं गं लेकराला," ती म्हणाली, आणि दोघांना घेऊन आत गेली. लेकीला कुणी विचारतं का?

त्या संध्याकाळी आळीतल्या बायका पोराला पाहायला आल्या. मांडीवर घेतलं, मुके घेतले, काजळाची तीट लावली. आपापली पोरं त्याच्याशेजारी बसवली. तिसऱ्या दिवशी पोराच्या अंगावर पुरळ उठलं.

ठकूबाईने तेव्हा कुठे विचारलं. "गजरे, तुझ्या गावात किती दारांना लिंब हाय?"

"सात," गजरा म्हणाली. "आठवं आमचं."

"मग वेशीत का बोलली न्हाईस?"

"आये, तू इचारलंच न्हाईस. तू इचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते. माघारी गेले असते."

पोर पाचव्या दिवशी गेलं. पुढच्या महिन्यात गावातली अकरा मुलं गेली. काही जण चौदा म्हणतात. मी जुन्या कागदांत शोधलं, आकडा सापडला नाही; मी नीट शोधलं नसेल, असंही होऊ शकतं. गजरा सासरी निघाली, ती पुन्हा माहेरी आली नाही. ठकूबाईला कुणी बोल लावला नाही. तेच तिला सोसवेना, असं सांगतात.

मग देवी डॉक्टर पुन्हा आला. ठकूबाई वेशीवरच होती. तिने त्याला अडवून विचारलं, हे टोचतोस ते काय आहे, पोराला ताप येईल का, किती दिवस? त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताप येईल हेही लपवलं नाही. मग ती त्याच्या पुढे चालू लागली. पोरं कुठे लपवतात ते तिला ठाऊक होतं. तिने एकेक गंज उपसली. आयांनी शिव्या दिल्या, एकीने तिच्या हाताचा चावा घेतला. तिने पोरांचे दंड सोडले नाहीत. त्या दिवशी टोचलेली बहुतेक पोरं जगली, म्हणतात.

त्यानंतर ती वेशीच्या आत कधी राहिली नाही. धोंड्यावरची खळगी तिच्या बसण्याने पडली, अशी श्रद्धा आहे. मला वाटतं ती पावसाच्या पाण्याची असावी. मी हे मोठ्याने म्हणत नाही. "परक्याला कुणीबी इचारतं," ती म्हणे, "आपल्याला इचारायचं धाडस पायजे."

कोरोनाच्या पहिल्या वर्षी माझी मुलगी पुण्याहून आली. तिची आई हयात नाही, म्हणून मीच इथे उभा राहिलो. न विचारलं तर पुढे काय होतं ते सगळं मला माहीत होतं, पुस्तकातलंही आणि गावातलंही. तरी पहिला प्रश्न तोंडातून निघायला फार वेळ लागला. तिला ताप होता. तिने तो सांगितला, आणि चौदा दिवस गावाबाहेरच्या शाळेत एकटी राहिली. मी रोज शाळेच्या फाटकाशी डबा ठेवून मागे सरत होतो.

आजही लेक माहेरी येते तेव्हा तिची आई भाकरीचा तुकडा हातात धरून या धोंड्याशी उभी राहते. आधी ठकूबाईचे तिन्ही प्रश्न विचारते. तोवर तुकडा ओवाळत नाही. आणि लेकीने उत्तरं दिल्यावर शेवटी एक वाक्य म्हणायचं असतं. ते गजराला म्हणता आलं नाही, म्हणून गावची प्रत्येक लेक म्हणते:

"इचारलंस, बरं केलंस, आये."