माळावरचं विरजण

ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या वाटांवर आता झाडं वाढली आहेत. लहानांनी जवळ बसावं, मोठ्यांनी भिंतीला टेकावं. मी हळूहळू सांगतो, मला घाई जमत नाही.

एका नदीच्या वळणावर एक टेकडी होती आणि टेकडीवर एक विद्यालय होतं. लांबलांबच्या गावांतली मुलं-मुली तिथे मोठी विद्या शिकायला जात. पुस्तकं तिथलीच, अंथरूण तिथलंच, जेवणही तिथलंच. घरून एकच वस्तू आणायची, ती म्हणजे लोटकंभर विरजण.

विद्यालयाची तशी रीतच होती. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या आक्का प्रत्येकाला वाटीभर कोमट दूध द्यायच्या. आपापल्या विरजणाने ज्याने त्याने दही लावायचं. दुसऱ्या दिवशी पंगतीत मात्र आपलं दही आपण खायचं नाही. ते उजवीकडच्याच्या पानात वाढायचं आणि डावीकडच्याचं आपण खायचं.

पाऊसकाळ संपला की आचार्य डोळ्यांना उपरणं बांधून नव्या मुलांचं दही चाखत. त्या दिवसापर्यंत नवी मुलं पाहुणी. चाखण्यात जो खरा उतरला तो घरचा झाला. जो उतरला नाही त्याने आपल्या गावी परत जायचं. आचार्य दह्यात नेमकं काय शोधतात, हे जुन्या मुलांनी नव्यांना सांगायचं नाही, अशीही रीत होती.

त्या वर्षी सगुणा नावाची एक मुलगी तिथे आली. दूरच्या खडकाळ माळावर तिची वस्ती. वस्तीत माणसं थोडी आणि शेळ्या फार. त्या माळावरून विद्यालयात आलेली ती पहिलीच. निघताना वस्तीतले म्हातारे म्हणाले होते, "जा बाई, हौस फिटू दे. नाही जमलं तर परत ये. शेळ्या काही कुठे पळून जात नाहीत."

सगुणाला ठाऊक होतं, एकदा परत गेलं की पुन्हा कुणी सोडणार नाही.

आईने लोटक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ते तिच्या हातात दिलं. "माझ्या आईचं विरजण आहे हे, सगुणे. रोज दूध दाखव त्याला. उपाशी ठेवू नकोस."

"नाही ठेवणार गं," सगुणा म्हणाली.

पहिल्याच दिवशी पंगतीत तिच्या उजवीकडे नगरशेठचा मुलगा बसला. रेशमी काठाचं उपरणं, गोरापान, बोलायला चुरचुरीत. सगुणाने त्याच्या पानात आपलं दही वाढलं. शेळीच्या दुधावर पोसलेलं ते विरजण. दही पातळ लागलं होतं आणि त्याला माळाचा वास होता.

त्याने बोट बुडवून पाहिलं. "अगं, हे दही आहे की दह्याचं आंघोळीचं पाणी? आणि वास कसला? यात बोकड बुचकळलास की काय?"

सगळी पंगत हसली. सगुणाही हसली. हसताना तिचे कान मात्र तापले होते.

त्याच पंगतीत नगरशेठच्या मुलाचं दही पुढे गेलं. ते घट्ट, पांढरंशुभ्र, सुरीने कापावं असं. सगळे म्हणाले, "वा! दही असावं तर असं. हा नक्की उतरणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाने त्याला विहिरीवर एकटं गाठलं. "ऐक ना, थोडं विरजण देशील मला?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "देईन की. पण कुणाजवळ बोलू नकोस हं."

त्या दिवसापासून सगुणाचं दही घट्ट लागू लागलं. कुणी हसेना. आईचं लोटकं फेकून द्यायला मात्र तिचा हात धजेना. तिने ते सरपणाच्या ढिगामागे सरकवून ठेवलं आणि तिकडे बघायचं सोडलं.

आता बाळांनो, एक गंमत आहे. माणूस एक गोष्ट लपवायला लागला की त्याला लपवायची सवयच लागते. आचार्य शिकवत आणि शेवटी विचारत, "समजलं का?" आजूबाजूच्या सगळ्या माना हलत. सगुणाला कितीदा काही म्हणजे काही समजलेलं नसे. पण तिला वाटे, एवढ्या सगळ्यांना कळलं आणि माळावरच्या पोरीलाच तेवढं कळलं नाही, असं कसं सांगायचं? मग तिचीही मान हले. ती बोलायची ते दुसऱ्यांचे शब्द, हसायची ते दुसरे हसले की. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटायचं, या टेकडीवर सगळे खरे विद्यार्थी आहेत आणि मी एकटीच चुकून आत शिरले आहे.

पाऊस सरला. चाखण्याचा दिवस आला.

नवी मुलं ओळीने बसली. प्रत्येकापुढे दह्याची वाटी. आचार्यांनी डोळ्यांना उपरणं बांधलं आणि पहिल्या वाटीतलं दही जिभेवर ठेवलं.

"हे आपल्या आक्कांचं," ते म्हणाले.

मुलं चक्रावली. आचार्य पुढे सरकले. "हेही आक्कांचं." आणखी पुढे. "हे तर आक्कांचंच." सगुणाची वाटी आली. तिने डोळे मिटून घेतले. "आक्का," आचार्य म्हणाले आणि पुढे गेले. ओळ संपली तरी दुसरं नाव निघेना.

त्यांनी उपरणं सोडलं. "काय रे, यंदा मी एकट्या आक्कांनाच दाखल करून घेतलं की काय?"

स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाल्या, "मला नको बाई या वयात तुमची पाठांतरं!"

हसावं की नाही, कुणाला कळेना. मग नगरशेठचा मुलगा उठला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"गुरुजी, माझं लोटकं घाटातच फुटलं. पहिल्या दिवशी लाज वाटली, म्हणून मी आक्कांकडून गुपचूप विरजण मागून आणलं." त्याने ओळीकडे पाहिलं. "मग या सगळ्यांनी ते माझ्याकडून गुपचूप नेलं."

"सगळ्यांनी?" सगुणाच्या तोंडून निघून गेलं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. खाडीकाठचा एक उंच मुलगा सगुणाला म्हणाला, "म्हणजे तूसुद्धा?" "आणि तूसुद्धा?" "मला वाटलं, मी एकटाच." "अरे, मलाही तसंच वाटलं!" आणि मग जो हशा पिकला तो नदीपर्यंत ऐकू गेला असेल. सगुणा त्या दिवशी पहिल्यांदा कान न तापता हसली.

आचार्यांनी हसू ओसरू दिलं. "पोरांनो, दही घट्ट आहे की पातळ, हे मी बघतच नाही. इथे कोण आलंय, एवढंच मला ओळखायचं असतं. आज मला कुणीच भेटलं नाही. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा चाखेन. तेव्हाही कुणी भेटलं नाही, तर रीत तुम्हाला ठाऊकच आहे."

सगुणा धावत सरपणाच्या ढिगाकडे गेली. लोटकं तिथेच होतं. फडक्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. आत दही कुठलं? तळाला पिवळट खपली तेवढी उरली होती, उन्हात तडकलेल्या चिखलासारखी.

ती लोटकं घेऊन तिथेच खाली बसली. रोज दूध दाखव म्हणाली होती आई. उपाशी ठेवू नकोस म्हणाली होती.

बराच वेळ रडून झाल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आक्का, हे जगेल का? काय करायचं ते मला कळत नाही."

टेकडीवर आल्यापासून हे वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

आक्कांनी लोटकं उजेडाकडे तिरकं धरलं. "मलाही नाही माहीत. करून बघू. दूध कुठलं घालशील?"

"शेळीचंच लागेल ना?"

"इथे कुठल्या शेळ्या! इथल्या गाईंचं आहे. तुझ्या आईच्या विरजणाला चालतंय का, विचार त्याला."

सगुणाने खपली नखाने हलकेच खरवडली, कोमट दुधात कालवली, लोटकं गोणपाटात गुंडाळून चुलीशेजारी ठेवलं. सकाळी पाहिलं तर दूध तसंच, नुसता आंबूस वास. तिचा चेहरा पडला. आक्का म्हणाल्या, "रुसलंय ते. एवढे दिवस विचारलं नाहीस, एका रात्रीत बोलेल होय?" त्यातलंच थोडं तिने पुन्हा ताज्या दुधात घातलं. दुसऱ्या सकाळी वर पाणी, खाली गुठळ्या. पुन्हा घातलं. ती सारखी फडकं उचलून बघायची आणि आक्का तिच्या हातावर पळीची चापट मारायच्या. "सारखं डिवचू नकोस गं! त्याला त्याचा वेळ लागतो."

त्याच दिवसांत एकदा आचार्यांनी शिकवून झाल्यावर विचारलं, "समजलं का?" माना हलल्या. सगुणाने मात्र हात वर केला.

"गुरुजी, मला नाही समजलं."

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. मग मागून खाडीकाठचा मुलगा म्हणाला, "मलाही नाही." "मला तर कालचंही नाही," नगरशेठचा मुलगा म्हणाला. आचार्यांनी पुस्तक मिटलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू कुणीतरी बऱ्याच दिवसांनी घरी आलं आहे.

इकडे बाकीच्यांचीही धावपळ चालली होती. ज्यांची गावं जवळ होती ते चालत जाऊन विरजण घेऊन आले. खाडीकाठच्या मुलाचं गाव फार दूर. तो कपाळाला हात लावून बसला होता. सगुणाने त्याला विचारलं, "तुमच्याकडे विरजण संपलं तर आई काय करते?"

"काय करणार? दुधात मिरचीची देठं टाकते, की लागतं दही..." आणि तो ताडकन उठला. "अरे! मला येतं की हे!"

नगरशेठच्या मुलाचंच काही जुळेना. तो पायरीवर बसून राहिला. "आमच्याकडे दही कोण लावतं हेसुद्धा मी कधी पाहिलं नाही," तो सगुणाला म्हणाला. "त्या दिवशी तुला हसलो. माझं चुकलं."

"बोकडाचं म्हणतोस?" सगुणा म्हणाली. "ते मात्र झकास होतं. माळावर गेले की सांगणार आहे सगळ्यांना."

तो हसला. थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघराकडे गेला.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी सगुणाने फडकं उचललं. लोटकं तिरकं केलं. दही हललं नाही. तिने बोटाने चाखलं आणि तशीच आक्कांच्या गळ्यात पडली. आक्का म्हणाल्या, "अगं, सांडेल ना!"

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी पुन्हा डोळे बांधले.

"ही नदीपलीकडची उसाची गावं." "या दह्यात मिरचीचा झटका आहे. खाडीकाठ!" प्रत्येक वेळी ओळीतून आनंदाचा चीत्कार उठे. मग नगरशेठच्या मुलाची वाटी आली. आचार्यांनी चाखायच्या आधीच तो म्हणाला, "गुरुजी, हे आक्कांचं. माझं फुटलं, म्हणून मी आज सगळ्यांदेखत मागून आणलं. लावलंय मात्र मी स्वतः."

आचार्यांनी चाखलं. "मागच्या वेळी हे चोरून आणलेलं होतं, म्हणून आक्कांचं होतं. आज सांगून आणलंस, आता ते तुझं झालं."

शेवटी सगुणाची वाटी. दही पातळच होतं. आचार्यांनी घास घेतला आणि थांबले. पुन्हा एक घास घेतला.

"खडकाळ माळ," ते सावकाश म्हणाले. "बोरीची झुडपं. दुपारच्या उन्हात शेळ्या सावलीला बसल्यात. तिकडून आजवर कुणी आलं नव्हतं." मग ते हसले. "पण यात आपल्या कुरणाचंही दूध आहे. पोरी, तू माळावरची तर आहेसच. आता इथलीही झालीस."

त्या दिवशीच्या पंगतीत सगळे घरचे म्हणून बसले. सगुणाच्या उजवीकडे नगरशेठचाच मुलगा होता. त्याने पानातलं दही चाटूनपुसून संपवलं आणि पान पुढे सरकवलं.

"अजून थोडं वाढ ना."

"बोकड संपला," सगुणा म्हणाली आणि लोटक्याच्या तळाचं सगळं दही त्याच्या पानात घालू लागली. मग मध्येच थांबली. चमचाभर मागे ठेवलं, उद्यासाठी.

पुढे ती पुष्कळ शिकली. माळावर गेली तेव्हा त्याच लोटक्यात टेकडीवरचं दही घेऊन गेली आणि आईने ते शेळीच्या दुधात घातलं. त्यानंतर वस्तीतल्या मुली विद्यालयाला निघाल्या की म्हातारे शेळ्यांबद्दल काही बोलत नसत. फक्त विचारत, "लोटकं घेतलंस ना, बाय?"

तात्पर्य: नव्या ठिकाणी शिकायला जाल तेव्हा घरून आणलेलं आपलेपण लाजून झाकून ठेवू नका, ते रोज तिथल्या नव्या दुधात घाला आणि कळलं नाही तर न लाजता विचारा.