निजलेला चाफा

डोंगराच्या अगदी माथ्यावर हिवरमाथा नावाचे एक गाव होते. तिथे सगुणा नावाची एक सून आली. तिचे माहेर समुद्राकाठचे. पाठवणीच्या वेळी तिने लुगड्यांच्या बोचक्यात चाफ्याची एक फांदी घालून आणली होती. जाड, करडी, एकही पान नसलेली. बोचके सोडले तेव्हा आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. सुनेने माहेराहून सरपण आणले की काय!

पण फांदी आणण्यामागे कारण होते. नव्या सुनेने माहेराहून एक झाड आणायचे आणि चैत्रात देवीच्या यात्रेला त्याचे फूल वाहायचे, अशी हिवरमाथ्याची रीत होती. फूल वाहिले की घरामागच्या परसातला एक तुकडा तिच्या नावाचा होई. तिथे ती हवे ते पेरी, हवे ते काढी. कोणाला विचारायचे कारण नसे. दोन चैत्र फुलावाचून गेले, तर मात्र तो तुकडा थोरल्या जावेकडे जाई. मग जन्मभर दुसरीच्या वाफ्यात खुरपे चालवायचे. म्हणून शहाण्या सुना झेंडू आणत. सगुणेची थोरली जाऊ पारू, तिनेही झेंडूच आणला होता.

"अगं, झेंडू नाही का आणायचा?" पारूने विचारले.

"आमच्या दारात चाफाच आहे, अक्का. शेजारणीच्या दारातलं झाड माझ्या माहेरचं म्हणून कसं आणू?"

माहेरी चाफा लावणे म्हणजे फांदी कुंपणात खोचायची आणि विसरून जायचे. तिने इथेही तेच केले. परसातल्या ओल्या काळ्या मातीत फांदी खोचली. हिवरमाथ्याची माणसे मायाळू. कोणाच्या दारातल्या झाडाला पाणी न घालता पुढे जाणे तिथे उद्धटपणाचे समजत. सासूबाई, म्हणजे गोजराबाई, सकाळी तांब्याभर घालत. दुपारी पारू घाली. शेजारणी येताजाता घालत. त्यात पाऊस सुरू झाला आणि पावसामागून धुके आले. एक दिवस सगुणेने फांदीला हात लावला, तर ती पाण्यात पडलेल्या भाकरीसारखी मऊ लागली. बुडाशी पार कुजली होती.

सगुणा पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने ती फांदी उभी चिरून पाहिली. आत पाणीच पाणी.

'ही तहानेने मेली नाही,' ती मनाशी म्हणाली. 'हिला आमच्या मायेने मारले. आणि ओल्या मातीत खोचून सुरुवात मीच केली.'

पहिला चैत्र रिकामा गेला. यात्रेला तिचा भाऊ आला, तो तिच्या सांगण्यावरून दुसरी फांदी घेऊन आला. या खेपेला तिने घाई केली नाही. कापलेल्या टोकाचा चीक वाळून तिथे खडखडीत खपली धरेपर्यंत फांदी सावलीत आडवी ठेवून दिली. मग बुडाला भोक असलेली कुंडी घेतली, तिच्यात वाळू आणि बारीक खडे घातले, माती जेमतेम घातली. कुंडी उन्हाच्या भिंतीला लावली. पाऊस आला की ती ओसरीवर ओढून घेई.

"या झाडाला पाणी मीच घालीन," तिने घरात सांगून टाकले. "दुसऱ्या कुणी घालू नका."

नव्या सुनेचे असले बोलणे त्या घराला नवे होते. गोजराबाई फणकारल्या, "आता पाण्याची पण मालकी आली का?"

"मालकी नाही, आत्याबाई. पहिली फांदी पाण्यानंच गेली."

फांदीला पाने फुटली. चांगली हातभर लांब झाली. सगुणेला हायसे वाटले. मग डोंगरावर थंडी उतरली आणि एकेक पान पिवळे पडून गळू लागले. सगुणेने कुंडी घरात आणून चुलीमागच्या उबदार भिंतीशी ठेवली आणि पाणी पार बंद केले. थोड्याच दिवसांत कुंडीत नुसता दांडका उरला. "डोळ्यांदेखत तहानेनं मारतेयस त्याला," पारू कळवळून म्हणाली. पाणवठ्यावर बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजत. सगुणा ऐकून न ऐकल्यासारखे करी. पण मनातून तीही घाबरली होती.

होळी आली. घरोघर वाळकी लाकडे मागणारे दारात उभे राहिले. गोजराबाईंनी सरळ कुंडीच उचलली.

"घरात मेलेलं झाड ठेवू नये. घेऊन जा रे हे."

सगुणेने पदर खोचला आणि ती उंबरठ्यावर आडवी उभी राहिली. सासूपुढे ती अशी कधी उभी राहिली नव्हती. तिने नखाने दांडक्याची साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. पाहता पाहता तिथे पांढऱ्या चिकाचा थेंब आला.

"मेलेल्या लाकडाला चीक येतो का, आत्याबाई? निजलंय ते."

"मग पाणी का घालत नाहीस?"

"निजलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का? ठसका लागून जाईल की!"

गोजराबाईंनी कुंडी तशीच धरून ठेवली. "आणि नाहीच उठलं तर?" त्यांनी विचारले.

"तर माझा तुकडा अक्कांना द्या. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

गोजराबाईंनी कुंडी खाली ठेवली आणि होळीला एक मोडका पाट देऊन टाकला.

चैत्र लागला. रानातली सगळी झाडे पालवली. सगुणेने कुंडी पुन्हा उन्हाच्या भिंतीशी नेली, पण चाफा तसाच. यात्रेच्या आदल्या दिवशी सगुणेचाही धीर सुटला. तिने कळशी उचलली, कुंडीपर्यंत नेली. पण ओतण्याआधी तिने मातीत बोट घातले. माती अजून गार होती, म्हणजे चाफा अजून निजलेलाच. तिने ओठ घट्ट मिटले आणि कळशी परत जागेवर नेऊन ठेवली.

यात्रेला ती रिकाम्या हाताने गेली. देवळाच्या गुरवाने रीतीप्रमाणे सर्वांसमोर सांगितले, सगुणेचा तुकडा आता पारूचा. सगुणेने मान हलवली. तिला फार वाईट वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंडी उचलून नेहमीसारखी उन्हात ठेवली. परसातला तुकडा गेला होता, चाफा होता.

वैशाखात डोंगरालाही उन्हाची धग लागली. कुंडीतली माती हाताला कोमट लागू लागली. दांडक्याच्या टोकाशी कोंब फुगला. त्या दिवशी सगुणेने त्याला पहिल्यांदा पाणी घातले, तेही बेताने. पाने आली आणि पानांबरोबर कळ्यांचा झुबका आला. ज्येष्ठात पहिले फूल उमलले. पांढरे, पोटात पिवळे. वासाने आळीतल्या बायका दारापाशी गोळा झाल्या. गोजराबाईंनी ते फूल अलगद ओंजळीत घेतले. मग सगुणेचा हात धरून त्या तडक देवळात गेल्या.

गुरव म्हणाला, "यात्रा झाली, गोजराबाई. फुलाचा दिवस गेला."

"दिवस गेला," गोजराबाई म्हणाल्या, "पण देवी कुठं गेलीय?"

गुरवाने फूल घेतले आणि देवीच्या पायांवर ठेवले.

त्या तुकड्यात पारूने घेवडा लावला होता. तिने आपणहून दोघींच्या तुकड्यांमध्ये पुन्हा बांध घातला आणि खुरपे सगुणेच्या हाती दिले. "घेवड्याच्या शेंगा मात्र मी नेणार हं!" ती म्हणाली. सगुणा हसली. मोकळ्या वाफ्यात तिने त्याच दिवशी मेथी पेरली. चाफा तिने जमिनीत लावला नाही. तो कुंडीतच ठेवला, कारण पुढे पुन्हा थंडी येणार होती.

तात्पर्य: माया करायची तर समोरच्याला काय सोसते ते आधी ओळखावे, आणि एकदा ते ओळखले, की साऱ्या गावाने नावे ठेवली तरी आपला हात आवरून धीराने थांबावे.