सोप्या शब्दाचं पाणी

फार पूर्वी एका मोठ्या नदीच्या काठी दोन विद्यापीठं होती. एक वर घाटमाथ्यावर, नदी उगम पावते तिथे. दुसरं खाली सपाटीवर. दोन्हीकडचे विद्वान एकाच गोष्टीचा अभ्यास करत: पूर का येतो, किती येतो, जाताना मागे काय ठेवून जातो.

पण दोघांच्या ग्रंथांचा मेळ बसेना. म्हणून दोन्ही विद्यापीठांनी मिळून शब्दकोश करायचं ठरवलं आणि ते काम खालच्या विद्यापीठातल्या एका विदुषीवर सोपवलं.

विदुषी दोन्हीकडे हिंडली, माणसांशी बोलली, एकेक शब्द दोन-दोनदा विचारून घेतला. मग सभा भरली. ‘जलौघ’ आणि ‘प्रवाहवेग’ या शब्दांवर दिवसच्या दिवस वाद झाले. शेवटी ती म्हणाली, “आता साधे शब्दही घेऊ या. येणं, जाणं, चढणं, उतरणं.”

खालच्या विद्यापीठाचे प्रमुख गुरुजी खदखदून हसले. “अगं, ते तर शेंबड्या पोरालाही कळतात! कोश करतेयस की अंकलिपी?”

घाटावरच्या आचार्यांनीही मान डोलावली. त्या एका बाबतीत दोघांचं लगेच एकमत झालं. साधे शब्द कोशात घ्यायचे राहून गेले आणि आचार्य घाटावर परतले.

त्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. पात्राच्या मधोमध वाळूचं बेट होतं. पूर गेला की गुरुजी शिष्यांना घेऊन तिथला ताजा गाळ तपासत. सगळे त्याचीच वाट बघत होते. नदी जराशी खाली गेली होती, तोच घाटावरून घोड्यावर एक निरोप्या आला.

“आचार्यांनी सांगितलंय, पाणी उतरलं!”

“चला रे!” गुरुजींनी धोतर खोचलं आणि शिष्यांना घेऊन होडीतून ते बेटावर गेले.

विदुषी निरोप्याला भाकरी वाढायला थांबली. वाढता वाढता तिनं विचारलं, “वर आता उघडीप असेल, नाही?”

“उघडीप कसली बाई! मी निघालो तेव्हा डोंगरातनं लोंढा खाली उतरत होता. तेच तर सांगायला आलो.”

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती काठाकडे धावत सुटली. “परत फिरा! पाणी येतंय! गुरुजी, येतंय!”

शिष्यांनी टोपल्या टाकल्या आणि होडी गाठली. गुरुजी सगळ्यांत शेवटी निघाले. होडी काठाला लागेपर्यंत पाणी वाढलं होतं. उतरताना ते कमरेइतक्या पाण्यात सापडले; शिष्यांनी हात धरून त्यांना ओढून घेतलं. डोक्यावरचं पागोटं मात्र वाहून गेलं. थोड्याच वेळात बेट दिसेनासं झालं.

हे कळताच घाटावरचे आचार्य धावत आले. भर सभेत त्यांनी हात जोडले. “आमच्याकडे पाणी डोंगरावरून उतरतं, म्हणजे येतं. तुमच्याकडे उतरतं म्हणजे कमी होतं. माझ्या शब्दानं घात झाला असता. तुमचाच अर्थ कोशात घाला.”

खालचे शिष्य खूष झाले. गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला. “लिही गं. उतरणे म्हणजे ओसरणे.”

विदुषीनं लेखणी खाली ठेवली. “नाही लिहिणार.”

“का? ते स्वतःहून देताहेत ना?”

“देताहेत, गुरुजी. पण उद्या त्यांचा निरोप्या घाईत असेल, तेव्हा आईकडून शिकलेलंच बोलेल. कोश उघडून बघेल का? निरोपात हा शब्दच नको. पाणी येत असेल तर ‘लोंढा सुटला’ म्हणायचं, गेलं असेल तर ‘पूर ओसरला’. हे दोन्ही शब्द घाटावर आणि खाली एकाच अर्थानं बोलतात. मी दोन्हीकडे विचारलंय.”

“म्हणजे माझ्याच नदीच्या काठी मी माझा शब्द बोलायचा नाही?”

“घरात खुशाल बोला. निरोपात नको.”

विद्यापीठाची मुद्रा गुरुजींच्या हातात होती. ती उमटली नाही तर सगळा कोश वाया जाणार होता. विदुषीनं नजर खाली घातली नाही.

गुरुजींनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. “काल पागोटं गेलं, आज शब्द गेला,” ते म्हणाले. “शिष्य तेवढे सगळे राहिले. लिही.” आणि त्यांनी मुद्रा उमटवली.

मग जरा पुढे सरकून त्यांनी हळूच विचारलं, “असे सोपे शब्द आणखी आहेत का गं तुझ्याजवळ?”

“आहेत की. आता सांगा, नदी परवा फुगली आणि नदी परवा फुगेल. निरोप्या नुसतं ‘परवा’ एवढंच ओरडला, तर तुम्ही काय समजाल?”

गुरुजींनी आचार्यांकडे पाहिलं. आचार्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

“सतरंजी अंथरा रे,” गुरुजी म्हणाले. “आज कुणी लवकर घरी जात नाही.”

तात्पर्य: अवघड शब्दाचा अर्थ आपण विचारतो, सोप्याचा गृहीत धरतो; म्हणून सोपा शब्द आधी विचारावा, आणि सगळ्यांचा शब्द ठरवताना आपला सोडायची तयारी ठेवावी.