पलीकडचं डिझेल, अलीकडचं भाडं

बसगोंडा अण्णांच्या जीपशिवाय गावाला बाजार गाठता येत नव्हता. डिझेल महागलं म्हणत अण्णांनी भाडं वाढवलं आणि भाजी विकणाऱ्या बायांची कमाई जीपमध्येच संपू लागली. अण्णा मात्र टाकी भरायचे राज्याच्या सीमेपलीकडे, जिथं डिझेल स्वस्त होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची छाती कुणाची नव्हती.

अण्णांच्या लेकीच्या लग्नाचा स्वयंपाक रत्नाक्काकडे होता. तिची सूनही त्याच जीपने भाजी न्यायची. व्याही मांडवात आले, तरी चुली थंडच.

"अण्णा, गॅस महागलाय. मजुरी वाढवून द्या, मग पेटवते."

अण्णा कडाडले, "गॅस कुठला गं? माझ्याच रानातली लाकडं जाळणार, आणि भाव गॅसचा सांगतेस?"

"तुमच्याकडनंच शिकले की! डिझेल पलीकडच्या भावानं भरता आणि भाडं अलीकडच्या भावानं घेता. जीपला चालतं, ते चुलीला का चालू नये?"

व्याही खो खो हसले. अण्णांनी उगाच फेटा सावरला.

"पेटव बाई! उद्यापासून जुनंच भाडं."

रत्नाक्कानं काडीपेटी कमरेला खोचली.

"आधी जीपच्या ड्रायव्हरला हाक मारून चारचौघांत सांगा. भात शिजायला कितीसा वेळ लागतोय?"