जागं राहिलेलं दूध

एक होता राजा. असू दे. त्याच्या घरी शंभर आचारी, त्याला कसली आलीय जेवणावळीची काळजी? आपली गोष्ट आहे त्याच्या राज्यातल्या सगुणेची. दिगू, पाय आत घे आधी. मनू, तू सरक इकडे. बाबा येईल रे, वाटेत असेल. तू ऐक.

तर सगुणा म्हणजे नदीकाठच्या एका मोठ्या घरची थोरली सून. लेकी-जावई, नणंदा, भाचरं, सगळी गावोगाव पांगलेली. घरात म्हातारी सासू. एके दिवशी सासू म्हणाली, "सगुणे, मला आता दिसत नाही गं. पण यंदा पाडव्याला सगळं घर एका पंगतीत जेवताना मला ऐकायचंय. आपलं पूर्वीचं श्रीखंड कर. पुढचा पाडवा कुणी पाहिलाय?"

सगुणेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "करते हो सासूबाई. सगळ्यांना बोलावते."

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना ना?"

"हो, हो," म्हणत सगुणा लगबगीनं कोठीच्या खोलीत शिरली. बघा हं, कशी शिरली ते. लक्षात ठेवा.

आता सगुणा होती मोठी हुशार. तहान लागायच्या कितीतरी आधी विहीर खणणारी. तिनं डाळी निवडल्या, साखर दळली, वेलदोडे सोलले. केळीची पानं सांगून ठेवली. गडी बोलावून भिंतींना चुना काढला. मग बसली हिशेब करत. पाडव्याला श्रीखंड हवं, तर आदल्या दिवशी चक्का टांगायला हवा. चक्का टांगायचा, तर त्याच्या आदल्या संध्याकाळी दूध विरजायला हवं. तुमच्या आईसारखं डबा उघडला की झालं, असं नव्हतं तेव्हा, बरं का!

सगळं सगळं झालं. आणि हत्ती गेला, शेपूट राहिलं. चुना द्यायला आलेले गडी उन्हानं कासावीस झाले, म्हणून सगुणेनं घरात होतं नव्हतं तेवढं दही घुसळून त्यांना ताक पाजलं. विरजणाला चमचाभर दही बाजूला ठेवायचं, ते विसरलीच की बया!

मग काय, शेजारणीकडून विरजण आणलं. दूध कोमट केलं, विरजण लावलं, झाकण घातलं. सकाळी बघते तर दूध आपलं पातळच्या पातळ. नासलं नाही, आंबलं नाही, नुसतं टकटक बघतंय.

मग दुसऱ्या दिवशी तिनं लाल मिरच्यांची देठं दुधात टाकली. कुणीतरी सांगितलं होतं, त्यानं दही होतं म्हणून. झालं का? छे!

मग तिसऱ्या दिवशी थेट राजवाड्यातून विरजण मागवलं. चांदीच्या वाटीत, वर रेशमी रुमाल. बघा, राजा आला की नाही कामाला? पण दूध ढिम्म. राजाला काय घाबरतंय ते!

आता उरली एकच संध्याकाळ. पाहुणे निघाले होते, बैलगाड्या वाटेला लागल्या होत्या. सासूबाई तर सकाळपासून पदर सावरून बसलेल्या. सगुणा मडक्यापाशी बसली आणि रडायलाच लागली. "अरे बाबा, का छळतोस? दही का होत नाहीस?"

तेवढ्यात मडक्यातून आवाज आला. गुबुक.

दूध बोललं! म्हणालं, "सगुणे, दही म्हणजे झोपलेलं दूध. आणि मला झोप येत नाही."

"का रे?"

"घरचं माणूस बाहेर असलं की झोप येते का कुणाला? ठकू आली नाही अजून."

ठकू कोण? सांगते ना, धीर धरा जरा. ठकू म्हणजे धाकटी सून, सगुणेची जाऊ. पूर्वी रोज दूध विरजायची ती. करंगळी बुडवून कोमट आहे का बघायची आणि मगच विरजण लावायची. मग सगुणा साखर घालून श्रीखंड घोटायची. एका पाडव्याला पाहुण्यांनी बोटं चाटली आणि विचारलं, "कुणाच्या हातची ही चव?" सगुणा ऐटीत म्हणाली, "माझ्याच!" ठकू तिथंच वाढत होती. तशीच वाढत राहिली. पण तिच्या जिवाला लागलं. पुढं नवऱ्याला घेऊन ती नदीपलीकडं राहायला गेली. जाताना घरातलं काही नेलं नाही, नुसतं वाटीभर विरजण नेलं. त्यावर वर्षं उलटली. सगुणेनं ना तिला बोलावलं, ना कधी नाव काढलं.

आता सगुणेच्या मनाला दुधाचं ते बोलणं जाऊन लागलं. ती उठली आणि तरातरा नदीपर्यंत गेली. तिथं पाय पुढं पडेना, पण नदी ओलांडून गेली. ठकूच्या दारात पोचली तेव्हा ठकू तुळशीपाशी दिवा लावून हात जोडत होती.

"ठकू, विरजण देतेस का गं?"

ठकूनं वळून पाहिलं. मग ती म्हणाली, "जाऊबाई, दिवा लागला. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देऊ नये. तुम्हीच शिकवलंत मला."

खरंच होतं! नवी नवरी होऊन आलेल्या ठकूला हे सगुणेनंच शिकवलं होतं. सगुणा मटकन उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "नको देऊस. पण एक ऐक. ती चव तुझ्या हातची होती गं. माझी निम्मीसुद्धा नव्हती. तेव्हा बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. माझं चुकलं, ठकू. तुझ्यावाचून घर घर राहिलं नाही."

ठकूचा बांध फुटला. दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या. मग ठकूनं डोळे पुसले, आत गेली आणि पदराखाली वाटी धरून बाहेर आली.

"अगं, दिवा लागलाय ना?" सगुणा म्हणाली.

"देतंय कोण तुम्हाला? घरचं विरजण, मी घरीच घेऊन चाललेय. ते देणं कसलं?" ठकू म्हणाली आणि पुढं होऊन चालूसुद्धा लागली. "हे येतील मागून कुलूप लावून."

मोठ्या घराच्या उंबऱ्यात पाऊल पडलं मात्र, आतून सासूबाई ओरडल्या, "ठकूच्या बांगड्या वाजल्या गं!"

ठकूनं दुधात करंगळी बुडवली. विरजण लावलं. झाकण ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आले बरं मी. नीज आता." मडकं एकदाच गुबुक म्हणालं आणि गप्प झालं. सकाळी दही असं लागलं होतं, की चमचा उभा राहावा!

मग चक्का टांगला. मग श्रीखंड घोटलं, दोघींनी मिळून, हसत, भांडत. पाडव्याला एवढी मोठी पंगत बसली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या, पोरांचे भुरके, वाट्यांचे आवाज, सगळं. कुणीतरी विचारलं, "कुणाच्या हातची हो ही चव?" सगुणेनं ठकूचा हात धरला आणि सगळ्यांसमोर उंच केला.

त्या रात्री सासूबाईंनी एकेकाला हाक मारली. सगळ्यांची ओ आली. मग त्या कुशीवर वळल्या आणि किती दिवसांनी गाढ झोपल्या. त्या घरात सगळे सुखात राहिले, तसे आपणही राहू.

ऐकलंत? कडी वाजली. आला तुमचा बाबा. बघा, आता सगळे घरात आहेत. आता चुळबुळ नाही करायची. विरजलेलं मडकं हलवतात का कुणी? निजा माझ्या राजांनो, निजा.