आपली बरणी

एका डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या उंबराच्या ढोलीत, एक खार आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. आई पार थकली होती. तिला ढोलीबाहेरही पडवत नसे. आई आता फार दिवसांची सोबती नाही, या विचाराने खारीच्या जिवाला घोर लागला होता. रानात बोलवा होती, की डोंगरावरच्या एका वेलीची कडू पाने खाल्ली की आयुष्य वाढते. पण बाळांनो, आपली खार ऐकीव गोष्टीवर मान डोलावणाऱ्यांतली नव्हती बरे! "आधी करून बघेन, मगच आईच्या तोंडात पान घालीन," असे तिने मनाशी ठरवले.

पिकल्या उंबरांवर घोंगावणारी चिलटे तिने हेरली. चिलटाचे आयुष्य ते केवढेसे! ते वाढले की नाही, हे लवकर कळणार होते. माणसांनी टाकून दिलेल्या दोन काचेच्या बरण्या तिने ओढत आणल्या. दोन्हींत उंबराचा गर घातला, एकीत त्या गरात कडू पाला ठेचून मिसळला, नुकती जन्मलेली चिलटे सोडली आणि तोंडाला शेवरीच्या कापसाचे बोळे लावले. मग पाल्याची बरणी कुणी पाडू नये म्हणून तिने ती ढोलीत, आईच्या उशाशी गारव्याला नेऊन ठेवली. दुसरी राहिली बाहेर फांदीवर, उन्हात. आईकडे पाठ करून खार तासन्‌तास बरणीत डोळे घालून बसे. आईने काही विचारले, तर म्हणे, "थांब गं जरा, मोजते आहे ना!"

फांदीवरची चिलटे आधी मेली. ढोलीतली त्यानंतरही कितीतरी दिवस उडत होती. खारीला आनंदाने रडूच कोसळले. त्या दिवसापासून ती आईला सकाळ-संध्याकाळ पाला भरवू लागली. पण तो पाला असा कडूजहर, की आईची अन्नावरची वासनाच उडाली. ती दिवसेंदिवस वाळत चालली. "गुण यायला वेळ लागतो," असे म्हणून खार आणखी पाला आणी.

बरणीतली मेलेली चिलटे खायला एक सरडा रोज येत असे. मोठी खादाड स्वारी! खार त्याला कौतुकाने म्हणाली, "बघा सरडेदादा, आपल्या बरणीतली चिलटे किती जगली!"

"आपली?" सरडा डोळे फिरवत म्हणाला. "ही आपली, मग ती उन्हातली कुणाची गं?"

"चला, निघा इथून!" खार कडाडली. सरडा निघून गेला. पण त्याचा प्रश्न काही जाईना. आपण एका बरणीला सावली दिली, आणि दुसरीला? पाला खोटा ठरला तर आईसाठी हातात काहीच उरणार नव्हते. पुन्हा करून बघायचे धाडसच तिला होईना. शेवटी आईचे हाडाला चिकटलेले कातडे बघून तिने मन घट्ट केले. नवी चिलटे धरली आणि या वेळी दोन्ही बरण्या ढोलीत शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत पाला होता, दुसरीत नव्हता. दोन्हींतली चिलटे सारखीच जगली आणि बरोबरच मेली.

खार आईच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. "आई, त्या पाल्यात काही नाही गं. मला तो खरा ठरायला हवा होता, म्हणून मीच त्याला सावलीत बसवला. तुझे खाणे मात्र मी तोडले."

आईने पंजा तिच्या पाठीवर ठेवला. "म्हणजे आता बरण्या मोजायला जायचे नाही ना, पोरी?"

"नाही गं आई."

"मग बस माझ्याजवळ."

खार बसली. पुढे आई थोडेच दिवस जगली, पण तेवढे दिवस लेक तिच्याकडे तोंड करून बसली होती.

तात्पर्य : जे खरे ठरावे असे मनापासून वाटते, त्याचीच परीक्षा सर्वांत कठोरपणे घ्यावी.