आडातून आलेला शब्द

फार फार वर्षांमागची गोष्ट. पावसानं पाठ फिरवली होती आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी गावाची गत झाली होती. निम्म्या घरांची माणसं पोटामागं निघून गेली होती. तेव्हा विहिरी खणणाऱ्या सटवाजीनं माळावर जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "हाय पानी. पर लई खाली हाय." असं म्हणतात, की त्याला जमिनीखालची झुळझुळ ऐकू यायची.

तो आडात खणायचा आणि वर रहाटाशी त्याची बायको चिमा. दोघांत दोनच शब्दांचा व्यवहार. ‘ओढ’ म्हटलं की दोर वर घ्यायचा, ‘सोड’ म्हटलं की खाली द्यायचा. आड खोल गेला तसा आवाज विरू लागला. चिमा म्हणायची, "धनी, जरा नीट बोला की वो." तो हसायचा. "अगं, माझा शब्द तुला कळंना व्हय?"

एके दिवशी खडक फुटला. असं म्हणतात, की उतू जाणाऱ्या दुधासारखं पाणी चढलं. खालून हाक आली, "ओड!" दोर ताठ झाला होता. चिमाला वाटलं, सोड म्हणाले. तिनं दोर सोडला.

पाणी अर्ध्या आडावर येऊन थांबलं. वर सटवाजीचं मुंडासं तरंगत होतं. गाव नाचत आलं आणि काठाशीच थबकलं.

चिमा तिथून उठलीच नाही. येईल त्याला विचारायची, "ओढ म्हनलं का सोड म्हनलं वो?" लोक म्हणायचे, "सोडच म्हनला, बाई. तुजा काय दोष?" पण तेव्हा ऐकायला होतं कोण तिथं? तिनं आडात वाकून ‘ओढ’ म्हणून पाहिलं. आडातून ‘ओड’ आलं. ‘सोड’ म्हणून पाहिलं. पुन्हा ‘ओड’च. असं म्हणतात, की त्या पाण्याचा थेंबही न घेता ती काठावरच सुकून गेली. किती वाईट मरण ते!

आता कुणी म्हणतं, ओड म्हणजे ओढा. कुणी म्हणतं, ते देवाचं नाव. आडावर मोटार बसली, तरी ती चालू करण्याआधी खाली वाकून ‘ओड’ म्हणतातच. का, तर चालत आलंय.

आणि त्या गावात ‘सोड’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. गाय ‘मोकळी कर’ म्हणतात, हट्ट ‘टाकून दे’ म्हणतात. घरातलं कुणी गेलं आणि एखादी बाई त्याचा हात धरून बसली, तर तिलाही कुणी काही म्हणत नाही. तिरडी बांधून तयार असते, ऊन चढत जातं, आणि सगळं गाव अंगणात उभं राहतं.